वेळापत्रक भिंतीवर आणि ताण डोक्यात: बारावीच्या मुलांच्या वेळेचं काय करायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं बाहेरगावची आहेत. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग. सहामाही संपली की त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "मॅडम, वेळच पुरंना." यंदा मी त्यांना एक काम दिलं: कालचा दिवस जसा गेला तसा लिहून आणा. काय करायला हवं होतं ते लिहायचं नाही, जे झालं तेच लिहायचं.

एका मुलीचा कागद समोर ठेवूनच हे लिहितेय. पहाटे पाचला उठणं, कारण नळाला पाणी तेव्हा येतं. साडेसहाची एसटी. साडेसातला क्लास, अकराला कॉलेज, साडेचारला सुटी. मग स्टँडवर गाडीची वाट. घरी पोचेपर्यंत साडेसहा. चहा, भाकरी, आजीची औषधं, जेवण, भांडी. साडेआठला पुस्तक उघडलं, साडेदहाला डोळे मिटायला लागले. म्हणजे हातात आले दोन तास.

तिच्याच वहीच्या मागच्या पानावर तिनं केलेलं वेळापत्रक होतं. स्केचपेननं आखलेलं, विषयाला एकेक रंग. त्यात रोजचा अभ्यास सात तास! ही पोरगी रोज रात्री पाच तासांची थकबाकी उशाशी घेऊन झोपते. दुसऱ्या दिवशी ती वाढते. आठवड्यानं वेळापत्रक सुटतं आणि "माझ्यात चिकाटीच नाही" हा निष्कर्ष मात्र पक्का होतो. पहाटे पाचपासून उभी असलेली मुलगी स्वतःला आळशी म्हणते, हे मला बघवत नाही.

थोडं वाचलंय त्यावरून सांगते. थेरेस मॅकन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. याद्या करणं, कामांचा क्रम लावणं हे सगळं त्यांनी तपासलं. त्यात कमी ताणाशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते "माझा वेळ माझ्या ताब्यात आहे" या भावनेचं. २०२१ मध्ये याच विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही नियोजनाचा संबंध कामगिरीपेक्षा आयुष्यातल्या समाधानाशी जास्त दिसला. म्हणजे नियोजनानं मार्क वाढतील की नाही हा पुढचा प्रश्न; श्वास मोकळा होण्याची शक्यता मात्र खरी आहे. आपण मुलांना हे साधन देतो ते नेमकं उलट्या कारणासाठी, अजून चार तास पिळून काढण्यासाठी.

तुमच्या घरात, गावात, अभ्यासिकेत काय चालतं ते सविस्तर लिहा. मला ते वर्गात वापरायचं आहे.

सागरेश्वर

मॅडम, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल बऱ्याच जणांनी पेपरात वाचलं असेल. मी त्याच भागातला, म्हणून लिहितो.

तीनेक हजार वस्तीचं गाव. लॉकडाउनमध्ये शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल काही हातातून गेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गावानं ठरवलं. आधी महिलांच्या सभेत निर्णय झाला आणि १५ ऑगस्टपासून अंमल सुरू झाला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा गप्पांना. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याचं त्याचं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक घरोघर फिरून सांगत होते.

माझ्या मते यातलं मोठेपण मोबाइल बंद करण्यात कमी आहे. एकट्या पोरानं ठरवलं की सात ते साडेआठ अभ्यास करायचा, तर त्याला बापाच्या टीव्हीशी, मित्राच्या मेसेजशी, शेजारच्या क्रिकेटशी रोज एकट्यानं भांडावं लागतं. इथं भांडण संपलं. सगळं गाव त्याच वेळी गप्प. तुम्ही म्हणता ती ताब्याची भावना एकट्या पोराला मिळाली नसती, गावानं मिळून ती दिली.

सगळ्या गावांना हे जमणार नाही. पण एका वाड्यातल्या चार घरांना, एका सोसायटीतल्या एका मजल्याला जमायला काय हरकत आहे?

हळदबाजार

मॅडम, धागा चांगला आहे. पण मला एक बाजू मांडायची आहे आणि ती थोडी कडू आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात कामाला आहे. हंगामात सौदे सुरू झाले की दिवस कधी मावळतो कळत नाही, तरी मला आठवड्याची सुटी असते. माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला नाही. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, शनिवारी टेस्ट, रविवारी त्या टेस्टचं डिस्कशन. रात्री साडेनऊला घरी येतो आणि जेवताना ताटावर डुलक्या घेतो. क्लासच्या ऑफिसात जाऊन विचारलं, महिन्यातला एक तरी रविवार मोकळा ठेवता येईल का. उत्तर मिळालं, "बाकीची मुलं पुढं जातील."

आता या पोराला वेळेचं नियोजन शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं? त्याच्या वेळेत त्याचं काय उरलंय? ज्याच्या शेतावर चारी बाजूंनी अतिक्रमण झालंय त्याला आपण पीक नियोजनाचं व्याख्यान देतोय. आधी मोठ्यांनी हात आवरावेत, मग मुलांना बोलावं.

कृष्णाकाठ

@हळदबाजार, दादा, तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते. एक रविवार मागणं ही काही मोठी मागणी नव्हती.

पण या ओझ्यात एक गोष्ट अशी आहे की जी आपल्याला उद्यापासून बदलता येईल, म्हणून लांबण लावते. एमएचटी-सीईटी, म्हणजे बारावीनंतरच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट घ्या. १५० प्रश्न, २०० गुण, १८० मिनिटं. साधारण ८० टक्के भार बारावीवर, २० टक्के अकरावीवर, आणि अभ्यासक्रम आपल्या राज्य मंडळाचाच. म्हणजे बोर्ड आणि सीईटी ही दोन वेगळी ओझी नाहीत. ती दोन होतात ती क्रम न जुळल्यामुळे. कॉलेजात मी रोटेशनल डायनॅमिक्स शिकवत असते तेव्हा क्लासमध्ये सेमीकंडक्टर चालू असतो. मुलगा एकाच दिवशी पहिल्या आणि शेवटच्या धड्यात उभा असतो आणि घरी आल्यावर दोन्ही अर्धे. तेच दोन्हीकडे एक धडा चालला, तर सकाळी संकल्पना, दुपारी गणितं, रात्री त्याच धड्याचे वीस बहुपर्यायी प्रश्न. कष्ट तेवढेच, पण धडा संपल्याचं समाधान मिळतं.

क्लासला रविवार मागून मिळत नसेल तर पुढच्या दोन महिन्यांचा धड्यांचा क्रम मागा. तो द्यायला त्यांना काही तोटा नाही. आणि जिथं क्रम जुळत नाही तिथं एकाला मुख्य धरा, दुसरीकडे फक्त ऐका, वही पूर्ण करायचा हट्ट सोडा.

पेपरच्या आतल्या वेळेबद्दलही सांगून ठेवते. सीईटीत भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत असतात. एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताला तेवढ्याच वेळात ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला बरोबर दुप्पट वेळ, आणि प्रत्येकाला दोन गुण. उणे गुण नाहीत. हे साधं गणित मुलांना माहीत नसतं असं नाही, पण घड्याळ लावून सराव केलेला नसतो. बोर्डात ७० गुणांना तीन तास मिळतात, तिथली लय वेगळी. दोन्ही लयी एकाच दिवशी हाताला लावायला गेलं की मूल गोंधळतं. आठवड्यातला एक दिवस सीईटीच्या लयीला द्यावा, बाकी दिवस बोर्डाच्या.

अभ्यासिकेतला

मी साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला एका अभ्यासिकेत बसतो. एमपीएससी. गाव कोरेगाव तालुक्यात.

आमच्याकडे "किती तास झाले?" हा रामराम आहे. सकाळी भेटला की, जेवायला निघालो की, रात्री खुर्ची सरकवली की तेच. बारा म्हणालास तर चेहरा उजळतो, सहा म्हणालास तर समोरचा पोरगा सहानुभूतीनं बघतो. या एका प्रश्नानं आमच्यातल्या कितीतरी चांगल्या पोरांची झोप उडवलीय. बारा तासांतले चार पिवळा मार्कर ओढण्यात आणि दोन चहाच्या गाड्यावर जातात, पण आकडा बारा लागतो.

बारावीच्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तास मोजू नका. आज काय येतंय जे काल येत नव्हतं, ते मोजा. त्यासाठी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग यावर प्रसिद्ध आहे. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. ज्यांना फक्त दोन तास मिळतात अशा एसटीनं जाणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत सोन्याची आहे, कारण ती बसमध्येही चालते. वही उघडायची गरज नाही. खिडकीशी बसून कालच्या धड्याचे पाच मुद्दे मनात मांडायचे, अडलं तिथं खूण ठेवायची, घरी गेल्यावर फक्त तेवढंच बघायचं.

दुसरं म्हणजे रात्री उठण्याआधी उद्याचं पहिलं काम एका ओळीत लिहून टाकायचं. "इतिहास" असं नको. "सत्यशोधक समाज, पान अमुक, सकाळी सहा, खिडकीजवळची खुर्ची" इतकं नेमकं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलंय की अर्धवट काम डोक्यात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की काम पूर्ण न होताही ती टोचणी कमी होते. मला झोप लागायला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

द्राक्षबाग

मी तासगाव तालुक्यातली. दोन मुली, थोरली बारावीला. शिक्षक मंडळींनी इथं एका गोष्टीचा विचार करावा म्हणून लिहिते.

बारावीची परीक्षा आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. २०२५ ला ११ फेब्रुवारीला झाली. आमच्याकडे तेव्हा द्राक्षाचा माल काढायला आलेला असतो. व्यापारी कधी येईल, दर कधी ठरेल, मजूर कधी मिळेल याचा नेम नसतो. एखाद्या रात्री आभाळ आलं की सगळं घर जागं. बेदाण्याचं शेड असलं तर विचारूच नका. पूर्वपरीक्षेच्या दिवसांत मुलगी अभ्यासाला बसलेली आणि बाहेरून हाक येते, "जरा चार क्रेट धरू लाग गं." ती उठते. कुणी तिला जबरदस्ती करत नाही, पण हाक आल्यावर ती बसून राहू शकत नाही.

आमच्या घरात एक उपाय झाला तो सांगते. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली की आमच्यात दिवस मोजतात. आज छाटणीपासून कितवा दिवस, यावर डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, फवारणी सगळं ठरतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर यजमान ते लिहून ठेवतात. यंदा थोरलीनं त्याच कॅलेंडरवर दुसऱ्या शाईनं आपल्या तारखा लिहिल्या. पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिक, बोर्डाचा एकेक पेपर. मग आम्हाला सगळ्यांना दिसलं की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटणी घेतली तर बोर्डाचा पहिला पेपर साधारण १२० व्या दिवशी येतो, म्हणजे नेमका काढणीच्या तोंडावर. यजमान कॅलेंडरसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी जाऊबाईंच्या भावाला त्या दोन आठवड्यांसाठी आधीच सांगून ठेवलं, आणि थोरलीला म्हणाले, "जानेवारीपासून तुला हाक नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण त्या वाक्यानं जितका उतरला तितका कुठल्याच वेळापत्रकानं उतरला नसता. अभ्यासाचे तास वाढले असतील थोडे, पण मुख्य म्हणजे बसलेली असताना ती कान बाहेर लावून बसत नाही.

त्यामुळं मला वाटतं, मुलांचं नियोजन मुलांच्या खोलीत लपवून ठेवू नये. घराच्या कामाशेजारी ते दिसलं पाहिजे.

पहिला_बाक

मी बारावी सायन्स, मिरज. इथं मोठीच माणसं लिहितायत म्हणून मी पण लिहिते.

माझं वेळापत्रक आई बघायला मागते. त्यामुळं मी ते आईला आवडेल असं करते. पहाटे चार पासून. खरं वेळापत्रक मी कधी लिहिलंच नाही, कारण त्यात "दहा ते साडेदहा नुसतं बसणे" असं लिहिलं तर घरी काय होईल ते मला माहीत आहे. पण मला ती अर्धा तास नुसती बसायची वेळ लागते. ती मिळाली नाही की मी पुस्तक समोर ठेवून दोन तास नुसती बसते.

अजून एक. आमच्या क्लासचा ग्रुप आहे. त्यावर रात्री दहा, साडेदहाला उद्याच्या टेस्टचं पोर्शन येतं. कधी रात्रीच बदलतं. मी मोबाइल बंद करून अभ्यास केला तर सकाळी मलाच माहीत नसतं. मोबाइल बाजूला ठेव असं सगळे सांगतात, पण अभ्यासच मोबाइलवर पाठवला तर बाजूला कसा ठेवायचा? शिक्षकांनी आठनंतर काही पाठवलं नाही तर माझं निम्मं टेन्शन जाईल. खरंच.

हळदबाजार

@पहिला_बाक, बाळ, तुझी पोस्ट मी आमच्या पोराला दाखवली. तो म्हणाला, "सेम." एवढंच बोलला आणि आत गेला. थोड्या वेळानं परत येऊन म्हणाला, आई-पप्पा मला "झाला का अभ्यास?" असं दिवसातून किती वेळा विचारता ते एकदा मोजा.

आम्ही विचारायचं बंद केलंय. रात्री जेवताना एकदाच, आणि तेही "आज काय अडलं?" असं.

मिरज_समुपदेशक

मी मिरजेत समुपदेशनाचं काम करते. दवाखान्यांचं गाव असल्यामुळं पोटदुखी, डोकेदुखी, उलट्या अशा तक्रारी घेऊन जिल्ह्याबाहेरूनही मुलं इथं येतात, तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात आणि मग आमच्याकडे पाठवली जातात. वर जे लिहिलंय त्यात दोनच गोष्टींची भर घालते.

झोप. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी असं झोपेच्या तज्ज्ञांचं मत आहे. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेतच चालतं, त्यामुळं झोप कापून केलेला अभ्यास गळक्या पिशवीत जातो. या वयात शरीराचं घड्याळही उशिराकडे सरकतं. अकराआधी झोप न येणं हा पुष्कळदा मुलाचा दोष नसतो. अशा मुलाला पहाटे चारला उठवणं म्हणजे दोन्ही टोकांनी झोप तोडणं. मूल सकाळचं आहे की रात्रीचं हे आठ-दहा दिवस बघा, मग ठरवा. वेळापत्रक करताना झोपेची वेळ सगळ्यात आधी लिहायची, उरलेल्या रकान्यांत बाकीचं बसवायचं. नेहमी उलटं होतं, म्हणून झोप उरेल तेवढी मिळते. @द्राक्षबाग यांच्या मुलीसारखी घरची कामं असणाऱ्या मुलांना तर हे आणखी लागू.

दुसरं, सगळा ताण नियोजनाचा नसतो. मूल खाणंपिणं सोडून देत असेल, मित्रांत जाईनासं झालं असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलत असेल, तर तिथं वेळापत्रक पुढं करू नका. थेट विचारा, ऐकून घ्या, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. हा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावा, कुणाला कधी लागेल सांगता येत नाही. मूल आपल्याशी बोलायला कचरत असेल तर अनोळखी माणसाशी बोलणं त्याला सोपं जातं.

अजिंक्यतारा

साताऱ्याचा निवृत्त शिक्षक. इथली चर्चा वाचून राहवलं नाही.

घरची कामं करून शिकणं म्हणजे मागासलेपण, असा सूर नकळत येतोय म्हणून लिहितो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाकपाणी, शेतीकाम करायची आणि शिकायची. पुढं "कमवा आणि शिका" या नावानं ही गोष्ट सगळ्यांना कळली. त्या मुलांवर कामाचा भार आजच्या मुलांपेक्षा कमी होता असं कोण म्हणेल?

मात्र बोर्डिंगात कामाची वेळ ठरलेली असते. काम संपलं की संपलं, अभ्यासाची घंटा झाली की कुणी हाक मारत नाही. @द्राक्षबाग यांच्या घरी नेमकं हेच झालं. दोन तासांचं ठरलेलं काम पोराला जड जात नाही, "कधीही हाक येईल" हे जड जातं. माझ्या नोकरीच्या काळात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं. गुरं राखून, दूध घालून येणारी मुलं शांत असायची, कारण त्यांचा दिवस ठरलेला. घरात काहीच काम नसलेली काही मुलं मात्र सतत धास्तावलेली, कारण चोवीस तास अभ्यासाच्याच नावावर जमा केलेले.

तेव्हा पालकांनो, मुलाला कामं सांगा, जरूर सांगा. पण वेळ ठरवून सांगा.

अभ्यासिकेतला

@अजिंक्यतारा सर, ही गोष्ट माझ्या फार कामाची आहे. मी सकाळी दोन तास दुकानात हिशेब लिहितो आणि त्याची मला लाज वाटायची, की बाकीचे तेव्हा वाचत असतात. खरं तर ते दोन तास झाल्यावरच माझं डोकं ठिकाणावर असतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी रात्री बसून सगळं पुन्हा वाचलं.

माझ्या बाजूनं एक भर घालते, कारण ती वर्गात लगेच लागणार आहे. मुलं काम किती वेळात होईल याचा अंदाज हमखास कमी लावतात, आणि मोठेही लावतात. १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल विचारलं. अंदाजाची सरासरी होती साधारण ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. ठरलेल्या दिवशी किंवा त्याआधी संपवणारे ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणून मी मुलांना सांगणार आहे की धड्याला तासभर लागेल असं वाटलं तर दीड तास लिहा, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ कोरी ठेवा. मागं राहिलेलं त्या संध्याकाळी. काही राहिलं नसेल तर ती संध्याकाळ तुमची. @पहिला_बाक, तुझी "नुसतं बसण्याची" अर्धा तासही वेळापत्रकात लिहायची, शाईनं. आईला दाखवायची वेळ आली तर माझं नाव सांग.

काल आमच्या विभागाच्या बैठकीत मी तीन विषय मांडले. चारही विज्ञान विषयांच्या जर्नल तपासणीच्या तारखा आजवर एकाच आठवड्यात यायच्या, त्या आता वेगवेगळ्या आठवड्यांत टाकल्या. रात्री आठनंतर ग्रुपवर सूचना टाकायची नाही, हे बहुतेकांनी मान्य केलं, दोघांचा आग्रह आहे की तातडीचं असेल तर टाकू द्या. तातडीचं म्हणजे काय यावर पुढच्या बैठकीत बोलू. तिसरा विषय पूर्वपरीक्षेचा. द्राक्षपट्ट्यातल्या मुलांच्या घरी काढणी कधी असते ते विचारून घेऊन मग तारखा ठरवाव्यात असं मी म्हटलं. त्यावर प्राचार्य म्हणाले, आधी माहिती आणा.

म्हणून @द्राक्षबाग ताई, तुमची मदत लागेल. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस या भागात साधारण कोणत्या आठवड्यांत छाटण्या होतात आणि त्याप्रमाणे काढणीची गर्दी कधी असते, हे गावागावांच्या अंदाजानं लिहून द्याल का? मी वर्गातल्या मुलांकडूनही भरून घेते.

द्राक्षबाग

देते मॅडम. आगाप म्हणजे लवकर छाटणीवाल्यांचं वेगळं, मागास म्हणजे उशिरावाल्यांचं वेगळं, त्यामुळं एक तारीख मिळणार नाही, पण तीन-चार टप्पे पडतील. यजमान आज बागेतून आले की त्यांच्याकडून लिहून घेते. आमच्या भावकीत शेवटच्या टप्प्यात काढणी करणारी बरीच आहेत, त्यांच्या मुलांचे बोर्डाचे पेपर आणि माल एकाच वेळी येतो. त्यांची नावं न घेता फक्त आठवडे लिहिते, चालेल ना?

कृष्णाकाठ

चालेल, आठवडेच हवेत. आणि ताई, शक्य असेल तर एसटीचंही विचारा. संध्याकाळी साडेचारनंतर तुमच्या बाजूला पहिली गाडी प्रत्यक्षात किती वाजता मिळते, ते मुलांच्या तोंडून. प्रात्यक्षिकाची शेवटची बॅच त्याआधी सोडता आली तर त्यांचा घरी पोचायचा तासभर वाचेल.